लगदा निजू द्यायचा नाही

सोमवार, ९ सप्टेंबर

आज गिरणीचे दिवे लागले. फक्त खालच्या मजल्याचे, तेही सगळे नाहीत, पण लागले. कालव्याच्या अलीकडे आमच्या मागच्या ओसरीतून ते दिसतात. बायको क्लोडेट बशा पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "बघ नॉर्मंड, तुझी म्हातारी डोळे उघडतेय." कागद बनवणं बंद झालं तेव्हापासून त्या खिडक्या आंधळ्याच होत्या. आमच्या होल्योक शहरात अशा बंद गिरण्या पुष्कळ आहेत, पण आपली ती आपली.

गिरणी भाड्याने घेतली आहे विद्यापीठातल्या एका पोरीने. डॉक्टर थिया लिंडक्विस्ट. डॉक्टर म्हणजे औषधाची नव्हे. आमच्या जुन्या लेपाच्या मशीनवर ती कागदाऐवजी प्लास्टिकची पातळ फिल्म चालवणार आणि तिच्यावर चांदीची शाई चढवणार. ती फिल्म फोनच्या काचेखाली बसते. बोट लावलं की फोनला कळतं, ते त्या चांदीमुळे. इतकी वर्षं हे काम ती प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या तुकड्यावर करत होती. आता मैलभर लांब करायचं आहे, आणि ते मशीन चालवलेला माणूस तिला हवा होता.

मी म्हटलं, "पोरी, जन्मभर कागदाला मातीचा लेप दिला मी. चांदी म्हणजे बढतीच झाली." ती मनापासून हसली. चांगलं हसणाऱ्या माणसाला मला नाही म्हणता येत नाही. एकाहत्तराव्या वर्षी नोकरी धरली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

एफ्रेन कोलोनलाही घेतलं तिने. पंप, झडपा, नळ, जे गळतं ते सगळं एफ्रेनचं. आम्ही दोघं याच गिरणीत तरुणाचे म्हातारे झालो. आत पाऊल टाकताच मला म्हणाला, "फ्रेंची, अजून वास तोच आहे. ओल्या कुत्र्याचा आणि तुझ्या डब्याचा." मी म्हटलं, "डबा तुझाच असायचा, मी फक्त खायचो."

शाई साठवायला त्याने वरच्या मजल्यावरची जुनी लगद्याची टाकी खाली उतरवली. आतून घासून आरशासारखी केली. तिच्या ढवळणीला हाताने फिरवायचं चाक आहे, वेग कमीजास्त करायला. त्या चाकावर वडिलांचा हात असायचा, नंतर माझा. डॉक्टरीणबाईंनी टाकी पाहिली आणि पर्समधून नखांचा लाल रंग काढून चाकाच्या कडेला एक टिपका दिला. म्हणाली, "चालवताना चाक इथे." मी म्हटलं, "इथे म्हणजे इथेच."

शनिवार, ५ ऑक्टोबर

थियाला जेवायला बोलावलं होतं. एकटी राहते, डब्यातलं सूप पितं पोर. शनिवार म्हणून आमच्या रीतीप्रमाणे बीन्स होत्या. सकाळपासून ओव्हनमध्ये, डुकराच्या चरबीत आणि मेपलच्या पाकात. वासाने मला राहवेना. झाकण काढून डाव घातला तर क्लोडेटने हातावर फटका दिला. "ढवळू नकोस. मोडतात त्या. किती वर्षं सांगतेय." मी थियाला म्हटलं, "बघ, गिरणीत न ढवळल्याबद्दल बोलणी खायची आणि घरात ढवळल्याबद्दल. पुरुषाने जावं कुठे?"

जेवणानंतर मी तिला विचारलं की या शाईत आहे तरी काय. मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण विचारायला लाज वाटली नाही कधी. तिने क्लोडेटकडे कच्ची स्पॅगेटी मागितली आणि मूठभर टेबलावर उधळली. "चांदीच्या तारा अशा पडतात," म्हणाली. "केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या बारीक, पण लांब. लांब असल्या की एकीवर एक पडतात, हातात हात धरतात, आणि वीज या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जाते. मध्ये सगळी मोकळी जागा, म्हणून आरपार दिसतं." मग तिने त्याच काड्यांचे तुकडे केले आणि पुन्हा पसरले. कुणाचा हात कुणाला लागेना. "आता वीज कुठून जाईल?"

क्लोडेट म्हणाली, "माणसांचंच सांगितलंस, बाई."

स्पॅगेटी वाया गेली नाही. उद्या सूपमध्ये घालणार आहे.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

पहिली चाचणी. सकाळी शाई बनली, दुपारी मशीनवर चढली. रीळ छोटंच, पण विजेचा काटा वर गेला तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली आला नाही. थिया मशीनभोवती नाचली. एफ्रेनने तिला दोन गिरक्या दिल्या आणि मला म्हणाला, "तुला नाही विचारत, तुझे गुडघे विकत घ्यावे लागतील."

आता मोठी रिळं. फोनच्या पडद्यांची एक कंपनी आहे, त्यांना लांब रीळ हवं, डाग नसलेलं. ते त्यांनी पसंत केलं तर मागणी येईल आणि मागणी आली तर वरचे मजलेही उघडतील. नाही आली तर थियाच्या मागे जे पैसेवाले आहेत ते हात काढून घेतील. हे तिने आम्हाला सरळ सांगितलं. मला आवडलं ते. पूर्वीचे मालक कुलूप लावल्यावर सांगायचे.

लांब रिळाला एका दिवसाची शाई पुरत नाही. पुष्कळ दिवस टाकीत साठवायची, मग एकदम चढवायची. गिरणीला शेवटचं कुलूप मीच लावतो, कारण घर पुलापलीकडेच. आज सगळे गेल्यावर टाकीपाशी उभा राहिलो. त्या लाल टिपक्यावर ढवळणी इतकी संथ चालते की डोळा लागावा. मशीन चालू असताना ठीक आहे, शाई वाहती असते. पण रात्रभर तशीच उभी राहिली तर गाळ तळाला बसायचा. वडील म्हणायचे, लगदा निजला की गिरणी निजली. मी चाक पुरतं वर केलं. छान घुसळण सुरू झाली, तोच जुना आवाज. दिवा मालवून घरी आलो. सकाळी थिया यायच्या आत चाक परत तिच्या टिपक्यावर आणून ठेवीन.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पहिलं लांब रीळ वाया गेलं. दिसायला काचेसारखं, पण वीज जात नाही. इकडे थोडी, तिकडे अजिबात नाही. थियाने टाकीतली शाई विद्यापीठात नेऊन मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. परत आली ती चेहरा पांढरा करून. "तुटल्यात," म्हणाली. "सगळ्या तारा तुटल्यात. बनवल्या तेव्हा लांब होत्या."

"थंडीने?" मी विचारलं.

"माहीत नाही."

तिला मी बळेच अर्धं सँडविच खायला लावलं. रिकाम्या पोटी विचार केला तर विचारही रिकामे येतात.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज वाईट झालं. दुसरं रीळही तसंच गेलं. थियाचा संशय पंपावर. पंप शाई दाबतो, दाबताना तारा मोडत असतील. ते तिने एफ्रेनला नीट सांगितलं, आवाज चढवून नाही. पण एफ्रेनने गेल्या जन्मी मधमाशीचा चावा सहन केला असेल, या जन्मी शब्दाचा नाही.

"माझ्या हातचा पंप चांदी चावतो म्हणायचं तुम्हाला?"

"तुमच्या हाताबद्दल नाही बोलत मी, एफ्रेन. पंपाबद्दल बोलतेय."

"या गिरणीत माझा हात आणि माझा पंप वेगळे नव्हते कधी, डॉक्टर."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं की पंप बदलून पाहू, एफ्रेनच बसवेल, त्यात काय. एफ्रेन म्हणाला, "फ्रेंची, तू सगळ्यांचा असतोस. म्हणून कुणाचाच नसतोस." आणि जाकीट घेऊन निघाला. मला वाटलं कोपऱ्यावर जाऊन सिगरेट ओढून येईल. आला नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंग. दर वर्षी एफ्रेनकडून केळीच्या पानात बांधलेले पास्तेलेस येतात आणि आमच्याकडून मीट-पाय जातो, मांसाचं सारण भरून भाजलेला. काल काही आलं नाही. मी मीट-पाय घेऊन गेलो, तर त्याच्या बायकोने दारातच घेतला आणि म्हणाली, "झोपलेत." आतून टीव्हीवर फुटबॉलचा आरडाओरडा चालू होता. एफ्रेन फुटबॉल लावून झोपणारा माणूस नव्हे.

नवा पंप आला. काठोकाठ भरलेली कॉफी न हिंदकळता न्यावी तसा हळुवार चालतो म्हणे. किंमत विचारली नाही. थियाच्या तोंडावर दिसत होती.

सोमवार, १६ डिसेंबर

नव्या पंपाचं रीळ. तेच. उलट थोडं अधिक वाईट.

थियाने आज एकेक गोष्ट हातात घेऊन पाहिली. गाळणी बदलली, फिल्म दुसऱ्या ठिकाणची मागवली, टाकीचं पोलाद खरवडून तपासायला पाठवलं. मग टाकीच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "नॉर्मंड, ताज्या शाईला काही होत नाही. टाकीत राहिली की होतं. इथे मी नसताना काहीतरी होतं तिला. टाकीला कुणी हात लावतं का?"

मी म्हटलं, "मी असताना कोण लावणार? सगळ्यांत शेवटी मी जातो, सगळ्यांत आधी मी येतो. स्वतःच्या लेकरासारखी जपतो मी तिला."

"माहीत आहे," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बिचारी, स्वतः बुडत असताना मला धीर देते.

मंगळवार, ७ जानेवारी

असली थंडी कितीतरी वर्षांत पडली नव्हती. कालवा गोठला. गिरणीच्या भिंती आतून पांढऱ्या झाल्या. शेवटच्या रिळाची शाई टाकीत जमते आहे. पैसेवाल्यांनी आणखी एकच संधी दिली आहे.

मला राहवेना. क्लोडेटच्या आईने शिवलेल्या दोन गोधड्या नेल्या आणि टाकीभोवती गुंडाळल्या. थियाने पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "हे शास्त्रात बसत नाही, पण राहू द्या."

थंडीत दाट वस्तू लवकर बसते. लगद्याचं तसंच असे. म्हणून संध्याकाळी निघताना चाक नेहमीपेक्षाही पुढे नेलं, अगदी अडेपर्यंत. आज ती एकटी पडायला नको.

बुधवार, २२ जानेवारी

गेलं.

काटा उठलाच नाही. एकदाही नाही. थिया मशीन बंद करायचं विसरली, कोरी फिल्म गुंडाळीवर चढत राहिली. शेवटी मीच बटण दाबलं. ती म्हणाली, "नॉर्मंड, माझं काय चुकतंय हो?" अहो म्हणते मला, पण विचारलं वडिलांना विचारावं तसं. मला उत्तर येत असतं तर हात तोडून दिला असता.

रविवार, २ फेब्रुवारी

प्रार्थनेला गेलो. पाद्री काय बोलले ते आठवत नाही. एफ्रेन पलीकडच्या बाकावर होता. एकमेकांचा हात धरून शांती द्यायची वेळ आली तेव्हा त्याने मान हलवली, हात नाही दिला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विकलं. थिया सकाळी बॉस्टनला गेली होती, दुपारी सही करून आली. शाईची कृती, तिची सगळी वर्षं, एका मोठ्या कंपनीला. त्यांचा कारखाना कुठेतरी दक्षिणेकडे आहे. मशीन इथेच राहील, भंगारवाला येईल. टाकी उद्या रिकामी करायची. शेवटच्या शाईतली बरीच उरली होती आत.

मशीनवर कामाला असलेली बाकीची पोरं आपापल्या वस्तू घेऊन गेली. मी थांबलो. आमच्यात रीत आहे, गिरणी कायमची थांबते तेव्हा सर्वांत जुना माणूस शेवटचा दिवा मालवतो. कागद बंद झाला तेव्हाही मीच मालवला होता. एका माणसाच्या नशिबात हे दोनदा येऊ नये.

गोधड्यांची घडी घातली. चाकापाशी आलो. उद्या ती शाई पिंपात ओतून नेणार हे ठाऊक होतं, तरी हात गेला. शेवटची रात्र आहे, तिने तरी निजून का काढावी? चाक वर केलं. घुसळण सुरू झाली.

मागे पाहिलं तर थिया उभी. चावी द्यायला परत आली होती. माझ्या हाताकडे बघत होती.

"हे काय करताय?" तिने विचारलं.

"काही नाही, रात्रीपुरतं. सकाळी तुझ्या टिपक्यावर आणतोच."

"रोज?"

"म्हणजे काय. पहिल्या दिवसापासून. एक रात्र चुकवली नाही." मग मी तिला वडिलांचं सांगितलं, लगदा निजला की गिरणी निजली ते. या कोपऱ्यात वडील कसे उभे राहायचे, एकदा ताप असताना आईचा डोळा चुकवून चाक बघायला कसे आले होते. इतके दिवस तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. कुणी विचारत नाही, आपण सांगत नाही.

ती टाकीच्या पायरीवर खाली बसली. चेहरा दोन्ही हातांत झाकला. मी शेजारी बसलो. एवढी वर्षं एका गोष्टीवर घालवायची आणि एका सहीत देऊन टाकायची, माणूस कधीतरी फुटणारच. मला वाटतं, वडिलांची गोष्ट ऐकून बांध सुटला. मी गोधडी तिच्या खांद्यावर टाकली.

मग तिने डोळे पुसले. माझा हात धरला, चाकावरचाच, आणि उलटा करून तळवा पाहिला, जसं भविष्य बघतात.

"तुम्ही फार जपलंत हो तिला," म्हणाली.

"जपायलाच ठेवलं होतंस ना मला."

"हो." मग म्हणाली, "नॉर्मंड, ही रात्रीची गोष्ट कुणाला सांगू नका. ती आपल्या दोघांत राहू द्या. मला वचन द्या."

मी दिलं. माणसाला निघताना एखादी गोष्ट फक्त आपली म्हणून हवी असते. दिवा आम्ही दोघांनी मिळून मालवला. ढवळणी ती बंद करणार होती, पण मी म्हटलं राहू दे एक रात्र. तिने राहू दिली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी दारावर थाप. एफ्रेन. हातात पास्तेलेसची पिशवी, बर्फाने भुवया पांढऱ्या.

"थँक्सगिव्हिंगचे आहेत," म्हणाला. "उशीर झाला."

"पोस्टाने पाठवलेस वाटतं."

आत आला, कॉफी घेतली, नेहमीसारखी तीन चमचे साखर. मग सांगितलं की काल थियाचा फोन आला होता. तिने माफी मागितली. पंपात काहीच दोष नव्हता, पहिल्या दिवसापासून नव्हता, असं स्पष्ट म्हणाली.

"मग दोष कशात होता?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, ते आता कधीच कळणार नाही. आणि म्हणाली, फ्रेंचीशी भांडू नका, तो एकटा पडेल." कॉफीत बघत राहिला. "शिकलेली असून चांगली आहे पोरगी."

"तू उगाच फुगलास."

"फुगलो," म्हणाला. एफ्रेनच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

तो गेल्यावर मी क्लोडेटला परवाची सगळी हकिकत सांगितली. चाक, लाल टिपका, रात्रीची घुसळण, थियाचं रडणं, वचन. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे. ती बीन्सचं मडकं ओव्हनमधून काढत होती. ऐकता ऐकता तशीच उभी राहिली, दोन्ही हातांत कापड धरून.

"रोज रात्री?" तिने विचारलं.

"रोज. का?"

तिने मडकं टेबलावर ठेवलं. माझ्या मागे आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस उरलेत तिथपासून नाहीत तिथपर्यंत. असं तिने पोरं घर सोडून गेली तेव्हापासून केलं नव्हतं. सगळ्या बायका या आठवड्यात हळव्या झाल्या आहेत.

"काय झालं गं?"

"काही नाही. जेवून घे."

ओसरीचा पडदा तिने ओढून घेतला, गिरणीच्या बाजूचा. तसंही तिकडे आता बघण्यासारखं काही नाही. मी झाकण उघडलं आणि डाव बाहेरच ठेवला. बीन्स आज फार छान झाल्या होत्या. एकही मोडली नव्हती.